खिशातला चाकू: गळावर, शेतात, रोजच्या कामात. तुमचा अनुभव लिहा

पावसाळा ओसरला की नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावर गळ टाकून बसणाऱ्यांची रांग लागते. यंदा त्या रांगेत मीही आहे. रविवारी संभाजीनगरहून निघतो, संध्याकाळी परत. घडीचा एक चांगला चाकू घ्यायचाय. कामं अशी: तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कापणं, लहान मासा तिथंच साफ करणं, जेवताना कांदा-काकडी, आणि आठवडाभर पार्सलच्या पट्ट्या, खताच्या गोण्या, ठिबकची नळी. दोन गोष्टींवर अडलोय. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं लॉक हवं की नको? पातं स्टेनलेस घ्यावं की साधं पोलादी? जाहिरातीतले आकडे वाचून झालेत. ज्यांचा चाकू वापरून झिजलाय त्यांनी लिहावं. बटण दाबलं की फटकन उघडणारा खटक्याचा चाकू मात्र चर्चेत नको.

तराफेवाला, पैठण

आमचं घर भोयाचं, म्हणून आधी एक सांगतो. मासा चाकूनं कापणं आमच्याकडं कुणी करत नाही. घरी काय अन् बाजारात काय, बाया पायाखाली विळी दाबून बसतात, दोन्ही हात माशाला मोकळे. कटल्याचं डोकं घडीच्या चाकूनं तोडायला गेलात तर डोकं राहील बाजूला, चाकूची पिनच ढिली होईल.

चाकू लागतो तो पाण्यात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढायलोत, वारं सुटलं, दोरीचा पीळ पायाला बसला, तर एक हात जाळ्यात गुंतलेला असतो. उरलेल्या एका हातानं चाकू उघडला पाहिजे. नखानं खाच धरून उघडायचा चाकू त्या वेळी बिनकामाचा, ओलं नख सटकतं. पात्याला अंगठ्यासाठी मोठं भोक किंवा गुंडी असलेला बघा. निम्मं पातं दातेरी असलं तर अजून बरं, ओली नायलॉनची दोरी दात्यांनी लगेच तुटते. मूठ काळी घेऊ नका. केशरी, पिवळी घ्या अन् तिला दोरी बांधून कमरेला अडकवा. गाळात पडलेला काळा चाकू कुणाला सापडलेला मी तरी बघितला नाही.

अन् हो, तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडं असतो. विचारून बसा. विचारणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

टूलरूमवाला, वाळूज

पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात आयुष्य गेलं, म्हणून पोलादाचं मी लिहितो. थोडं लांबेल.

ऑनलाइन चाकूवर ‘डी२’ असं कोरलेलं दिसलं की लोक हुरळतात. हे डी२ आम्ही रोज हाताळतो, पत्रा कापायच्या डाय त्याच्याच असतात. कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. एवढं क्रोमियम म्हणजे स्टेनलेसच की, असं वाटेल. पण कार्बन इतका जास्त की त्यातलं बरंच क्रोमियम त्याच्याशी बांधलं जातं आणि त्याचे कार्बाइडचे कठीण कण होतात. गंज अडवायला मोकळं उरतं ते थोडं. म्हणून धार फार टिकते, पण माशाचं रक्त लागलेलं पातं तसंच मिटून ठेवलं की तांबूस ठिपके आलेच. शिवाय धार गेल्यावर घरच्या दगडावर ती परत आणताना घाम निघतो, हिऱ्याची पट्टी लागते. गोण्या आणि पुठ्ठे कापणाऱ्याला डी२ चालेल. गळावर बसणाऱ्याला मी देणार नाही.

पाण्याजवळच्या कामाला १२सी२७ किंवा १४सी२८एन ही मूळची स्वीडनची पोलादं चांगली. दाणा बारीक, गंज कमी, दगडावर लवकर धार धरतात. स्वस्त चाकूंत ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद भेटतं, तेही वाईट नाही. पण नावापेक्षा पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून पातं किती कडक केलंय, ते बघायचं. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५६ ते ६० च्या दरम्यान असलं की झालं. तुमच्याकडं मोजायचं यंत्र नसणार, तर बारीक कानस घ्या आणि मुठीजवळ, जिथं धार नसते तिथं, हलकी फिरवा. कानस घसरायला लागली तर पातं कडक. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर दुकानदाराला परत करा. ओरखडा राहील, पण कळेल.

आता लॉक. ओढून कापताना लॉकचा काही संबंध येत नाही, धारेवरचा दाब पातं उघडंच ठेवतो. भीती असते ती टोक खुपसताना. मरळीच्या डोक्यात टोक घालताना किंवा ड्रमला भोक पाडताना जोर उलटा गेला की पातं बोटांवर मिटतं, तेही चिकट हातात. गळावर जायचं असेल तर लॉक पाहिजेच, माझं मत पक्कं आहे. लाइनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्री पात्याला अडवते. ते एका हातानं मिटतं, पण त्या पत्रीच्या सापटीत वाळू आणि खवले अडकतात. पाठीवरचं बॅक लॉक मजबूत, त्याच्या खाचेत गाळ बसला की मात्र ते अर्धवट लागतं आणि आपल्याला वाटतं लागलं. कुठलंही घ्या, मूठ आरपार उघडी असलेली घ्या, नळाखाली धरली की साफ.

निवृत्त मास्तर, परभणी

वाळूजच्या मित्रांशी अर्धा सहमत. माझ्या खिशात लाल मुठीचा स्विस व्हिक्टोरिनॉक्स असतो, मिटल्यावर ९१ मिलिमीटरचा. त्याच्या पात्याला लॉक नाही. आजवर बोटावर मिटला नाही, कारण त्यानं मी कधी काही खुपसत नाही. टोचायला त्यातच वेगळं टोच्या आहे. पोलाद मऊकडं झुकणारं, धार लवकर उतरते, पण चहाच्या कपाच्या तळाच्या खरबरीत कडेवर चार हात मारले की पेरू कापण्याइतकी येते. याच कंपनीच्या मासेमारीच्या मॉडेलला खवले काढायची दातेरी पट्टी आणि गळ सोडवायचा आकडा येतो. लॉकच हवं असेल तर त्यांचे १११ मिलिमीटरचे मोठे चाकू बघा, त्यांत मोठं पातं लॉक होतं.

मोठा चाकू लोक हौसेनं घेतात आणि तो कपाटात राहतो. पँटच्या खिशात बसून स्कूटरवर टोचत नाही, तोच कामाच्या वेळी हाताशी असतो.

मोसंबीवाला, जालना

आमच्याकडं रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. त्याचा चाकू वेगळा असतो, एकाच बाजूनं धार, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सरळ जातो. दुसऱ्या टोकाला साल उचलायची पट्टी. पाहुणे येतात अन् त्या चाकूनं सुपारी मागतात, मी देत नाही. कलमाच्या चाकूवरून एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला जातो, म्हणून तो पुसून-पुसून वापरायचा असतो. त्यानं मासा तर सोडाच.

बाकी सगळ्या कामाला दुसरा. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी वाकडी कापली की जोडणीतून पाणी गळतं, म्हणून पातं पातळ पाहिजे. जाड पाठीचे, फौजी दिसणारे चाकू नळी चिरत नाहीत, दाबतात. बोटाएवढं पातं पुष्कळ.

गल्ली नंबर विसरा, नांदेड

हुजूरसाहेब गुरुद्वाराच्या आसपासच्या दुकानांत कृपाणी आणि तलवारी मिळतात, त्यामुळं बाहेरगावची मंडळी मला हमखास सांगतात, तुमच्याकडून एखादा चाकू आणा. आणत नाही. कृपाण ही श्रद्धेची वस्तू आहे, तिनं मासा साफ करायचा नसतो. आणि शोभेसाठी केलेल्या पात्यांना पाणी दिलेलं असेलच याची खात्री नाही.

मी विष्णुपुरीच्या पाण्यावर जातो, ओपिनेल नंबर ८ घेऊन. फ्रान्समधल्या साव्होआ भागातला हा चाकू १८९० पासून बनतोय. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि मानेवर एक फिरणारं कडं. कडं फिरवलं की पातं अडकलं. हे कडं १९५५ मध्ये आलं. इतकं साधं लॉक मी तरी दुसऱ्या चाकूत बघितलं नाही आणि त्यात गाळ अडकला तरी काडीनं निघतो. पातं साध्या पोलादाचंही मिळतं आणि १२सी२७ चंही. चर्चा सुरू करणाऱ्या भाऊंनी स्टेनलेसच घ्यावं. माझं साधं आहे. पहिल्याच उन्हाळ्यात कैरी कापली आणि ते निळंकाळं पडलं, आता तसंच आहे. तो काळा थर राहू द्यायचा, त्यानं लाल गंज कमी धरतो. फक्त त्यावर कापलेल्या कैरीला लोखंडाची चव येते, आमच्या घरी ती कुणाला आवडत नाही.

खोट एकच, लाकूड पाण्यानं फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं. मग नखं मोडत बसायचं नाही. मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा लाकडावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं. आणि वर्षातून एकदा मुठीला घाण्याचं जवसाचं तेल. आपल्याकडं जवस घरात असतोच. तेल चोळायचं, जादा पुसायचं, चार-पाच दिवस हवेशीर जागी वाळू द्यायचं. खोबरेल लावू नका, ते लाकडावर वाळत नाही.

बाभळगावकर

काय लावलाव राव एवढं पोलाद-पोलाद! माळेगावच्या यात्रेत घेतलेला लोहारी चाकू हाय माझा, मुठीला शिंग, लॉक-बिक काय नाही. कडब्याची दोरी, ऊस, शेळीचं दावं, समदं कापतो. हरवला तर हळहळ नाही. महागाचा घेतला की माणूस चाकू सांभाळत बसतंय, गळाकडं ध्यानच राहत नाही.

तराफेवाला, पैठण

हे मात्र खरं हाय.

काळा कोट, धाराशिव

कायद्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियमांतल्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. वर चर्चेत आलेले सगळे चाकू या मापाच्या कितीतरी आत आहेत. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, सुऱ्या, काठ्या जवळ बाळगायला बंदी असते. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. एरवी तो गळाच्या पिशवीत, बाकी सामानासोबत ठेवा. बाजारात, सभेत खिशात नको. मिरवणुकीत ‘साहेब, मी मासे धरतो’ हे सांगून पटत नाही. विमानात हातातल्या बॅगेत कितीही छोटा चाकू नेऊ नये, तो चेक-इन सामानात टाकावा.

खटक्याचा नको असं सुरुवातीलाच म्हटलंय, ते योग्यच. तो चाकू बघितला की पोलिसाची बोलण्याची पद्धतच बदलते.

चुलीपासची, अंबाजोगाई

पुरुष मंडळींनी पोलाद निवडलं, लॉक निवडलं, धार कोण लावणार ते कुणी बोललंच नाही. आमच्या घरी ते काम माझ्याकडं आहे. मांजरा नदीवरून ह्यांनी आणलेले मासेही मीच साफ करते, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

धार लावणारा शिकलगार दारावर येतो तेव्हा विळ्या-कोयते त्याला द्यावेत. त्याच्यासारखी विळीची धार मला जमत नाही. पण घडीचा पातळ चाकू त्याच्या फिरत्या सानेवर (धारेच्या चाकावर) देऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा पात्याची कड तापते, तापलेल्या कडेचं पाणी उतरतं, आणि मग ती धार दोन शेंगा सोलेपर्यंत टिकते. पातंही दर वेळी अरुंद होत जातं. हार्डवेअरच्या दुकानात दुहेरी दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. तो भिजवून ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. पातं दगडापासून २० अंशांच्या आत उचलायचं. काटकोनाचा अर्धा, त्याचा पुन्हा अर्धा, त्याहून थोडं कमी. पूर्ण लांबी एका ओढीत, जोर न लावता. दुसऱ्या बाजूला कड वळल्याचं अंगठ्याला आडवं लागलं की पालटायचं. अंगठा धारेवरून उभा फिरवायचा नाही, हे लेकरांनाही सांगा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढायचं.

तंगूस कापायला बारीक बाजूवर फार घासू नका, थोडी खरबरीत धारच त्याला चावते. मासा आणि टोमॅटोला मात्र बारीक.

मास्तर म्हणतात ते छोट्या चाकूचं मला पटतं, पण मूठ फार छोटी नको. खवल्यांनी बरबटलेल्या हातात गुळगुळीत स्टीलची मूठ फिरते. दुकानात हात ओला करून धरून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. आणि साफ केल्यावर साबणानं धुवून, उघडाच ठेवून वाळवा. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. रात्री तो पिशवीत ओलाच मिटून टाकला की सकाळी वास कशाचा येतोय ते सगळं घर शोधतं.

टूलरूमवाला, वाळूज

ताई, सानेचं अगदी बरोबर. फक्त दातेरी पातं या दगडावर घेऊ नका, दाते झिजून सपाट होतात. त्याला गोल निमुळती सळई मिळते, एकेका दात्यात वेगळी फिरवायची, तीही एकाच बाजूनं, ज्या बाजूला दाते पाडलेत त्या.