समाधान सर्वेक्षणात सगळे 'समाधानी', मग मागचा बाक गप्प का?

प्रश्न (सहायक प्राध्यापिका, गडचिरोली जिल्हा)

आमच्या महाविद्यालयात नॅक (महाविद्यालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मूल्यांकनासाठी विद्यार्थी समाधान सर्वेक्षण झाले. 'येथे सर्वांना समान वागणूक मिळते का?' या प्रश्नाला जवळपास सर्वांनी 'होय' असे उत्तर दिले. परंतु माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थिनी वर्षभर मागच्या बाकावर बसतात, शंका विचारत नाहीत आणि प्रात्यक्षिकाचे गट पडताना शेवटी उरतात, हे मी रोज पाहते. समान संधी कक्ष आहे, रॅम्प आहे, तक्रारपेटीही आहे. मुलांना हे महाविद्यालय आपले वाटते की नाही, हे खरोखर जाणून घ्यायचे असेल तर काय आणि कसे विचारावे?

उत्तर १ (माजी विद्यार्थी, भामरागड तालुका)

मॅडम, माझी मातृभाषा माडिया. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो आणि पदवीला आल्यावर व्याख्यानातले अर्धे शब्द इंग्रजीत येऊ लागले, म्हणजे एकाच तासाला मी दोन परक्या भाषांतून वाट काढत होतो. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत. माझ्या गप्प बसण्याचे कारण एवढेच होते.

दुसरी गोष्ट हजेरीची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. घरी गेलेलो मी एकदा सहा दिवस अडकलो आणि परतल्यावर ७५ टक्के हजेरीचा नियम मला सर्वांसमोर ऐकवण्यात आला. नियम सर्वांना सारखाच होता. नदी मात्र सर्वांच्या वाटेत नव्हती. तुमच्या प्रश्नावलीत 'समान वागणूक' असे शब्द असल्यामुळे मीही तेव्हा 'होय'च लिहिले असते.

उत्तर २ (पदवी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

मला अल्पदृष्टी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. तरीही पहिल्या सत्रात तीन तास संपताच पर्यवेक्षकांनी माझी उत्तरपत्रिका मागितली आणि उरलेल्या तासाचा हक्क मला भरल्या वर्गात उभे राहून समजावून सांगावा लागला.

याच्या उलट, आमचे एक सर फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचतात. हे माझ्यासाठी करतात असे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. त्यांच्या तासाला मी न घाबरता प्रश्न विचारते.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक, अकोला जिल्हा)

अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत, त्यांनीच प्रश्नावली वाटली तर मुले 'होय'च लिहिणार. मत विचारू नका, प्रसंग विचारा: 'गेल्या महिन्यात शंका विचारावीशी वाटूनही विचारली नाही, असे कधी झाले?' शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्यांची नावे प्रवर्गासह वर्गात वाचून दाखवतात का, हेही विचारा. कितीतरी मुलांच्या मनात अंतर पडते ते तिथेच. मी स्वतः वऱ्हाडी मुलांचे 'मले', 'तुले' भर वर्गात सुधारत असे. त्यातली काही मुले पुढे माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि ती सुधारणा नव्हती हे मला फार उशिरा उमगले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रवर्गनिहाय यादी वाचण्याची पद्धत आमच्याकडेही आहे. ती थांबवण्याविषयी प्राचार्यांशी उद्याच बोलते. प्रश्न वसतिगृहातील ज्येष्ठ विद्यार्थिनींनी माडिया आणि गोंडीतून तोंडी विचारावेत, असे ठरवले आहे. एका वर्गात माडिया बोलणाऱ्या दोघीच असतील तर नाव नसतानाही उत्तर कोणाचे ते ओळखू येते, म्हणून तिन्ही वर्षांची उत्तरे एकत्र करूनच ती कोणापुढे ठेवीन.