मदत हवी आहे: झरीना यांच्या वुडकटबद्दल

मंडळी, स्थलांतर या विषयावर छोटं टिपण लिहितेय. २०१३ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात चित्रकार झरीना हाश्मी यांचं एकल प्रदर्शन झालं होतं, त्याचे फोटो बघतेय. त्यांचा जन्म अलीगढचा, १९३७चा. पुढे घरचे कराचीला गेले आणि झरीना देशोदेशी फिरत राहिल्या.

अडले आहे ते त्यांच्या १९९९च्या ३६ वुडकटच्या (लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेत. प्रत्येक चित्रात मोजक्या काळ्या रेषा आणि खाली एक उर्दू शब्द: घर, उंबरठा वगैरे. उर्दू लिपी मला वाचता येत नाही (शिकायचं राहूनच गेलं). नुसत्या इंग्रजी भाषांतरावर विसंबायला मन धजत नाही. कुणी ते शब्द वाचून, त्यांच्या छटा समजावून देईल का?