हरिश्चंद्रगड, खिरेश्वर-तोलारखिंड वाट: रेंज नसताना नकाशा कसा चालवायचा?

प्रश्न: रेंज गेली की नकाशा कोरा पडतो, नुसता निळा ठिपका उरतो. उपाय काय?

उत्तर १: जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशाला लागते. घरीच ऑसमअँड या ऑफलाइन नकाशाच्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा, वाटेची जीपीएक्स फाइल (आखलेल्या वाटेची नोंद) त्यात टाका. मग एअरप्लेन मोड लावून झूम करून बघा. पायवाटा तुटक रेघांत दिसल्या तरच निघा.

उत्तर २: लोकेशन पायथ्याला, मोकळ्या आभाळाखाली पकडू द्या, रेंजशिवाय पहिल्यांदा काही मिनिटं लागतात. कड्याला लागून चालताना उपग्रहाचा सिग्नल खडकावर आपटून येतो आणि ठिपका थेट दरीत दिसतो. अशा वेळी मळलेली वाटच धरा, कृपा करून ठिपक्यामागे जाऊ नका.

उत्तर ३: ट्रॅक रेकॉर्ड करताना बॅटरी सेव्हर बंद हवा, नाहीतर स्क्रीन मिटताच रेघ तुटते.