शब्दचर्चा : 'कृतिसंशोधन' या समासाचा विग्रह कसा करायचा?

शिक्षकांसाठीचा कृतिसंशोधनाचा ('अॅक्शन रिसर्च', म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहणं आणि त्याचं काय झालं ते पुराव्याने तपासणं) पदव्युत्तर अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. वर्षभर हा शब्द रोज लिहिला, रोज बोलले. तरी तोंडी परीक्षेत 'या शब्दाचा विग्रह करा' असं विचारलं गेलं तेव्हा अडखळले. 'कृतीद्वारे केलेलं संशोधन' असं सांगून मोकळी झाले. उत्तर मान्य झालं, पण तेव्हापासून मलाच ते अपुरं वाटतंय.

लेखनाचं आधी उरकते. 'कृती' हा शब्द एकटा असताना दीर्घ, समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व. म्हणून 'कृतिसंशोधन'. 'कृतीसंशोधन' सर्रास दिसतं, पण ते नियमाला धरून नाही.

आता विग्रह. मला तीन सुचतात. तृतीया घेतली तर 'कृतीने संशोधन', म्हणजे करून पाहणं हीच शोधण्याची रीत. चतुर्थी घेतली तर 'कृतीसाठी संशोधन', उद्या वर्गात काय करायचं ते ठरवता यावं म्हणून आज केलेला शोध. आणि षष्ठी घेतली तर 'कृतीचं संशोधन', माझी कृती हाच विषय.

ही संज्ञा रूढ केली कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने. १९४६ सालच्या त्याच्या लेखात दोन गोष्टी एका दमात येतात : सामाजिक कृतीच्या वेगवेगळ्या प्रकारांची परिस्थिती आणि परिणाम यांचा तौलनिक अभ्यास, आणि सामाजिक कृतीकडे नेणारं संशोधन. पहिली षष्ठी, दुसरी चतुर्थी. नुसती पुस्तकं निर्माण करणारं संशोधन पुरेसं नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं. योजना, कृती, त्या कृतीचं काय झालं याची तपासणी आणि त्यावरून पुन्हा योजना, असा चढत जाणारा वळसा त्याने मांडला. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी ही कल्पना शाळांपर्यंत नेली, आणि १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे असा आग्रह धरला.

पण मला खरं ओढून घेतलं ते 'संशोधन' या उत्तरपदाने. सम् + शोधन, धातू 'शुध्'. मूळ अर्थ नीट शुद्ध करणं, दोष काढून टाकणं. हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे. तिकडचं 'संविधान संशोधन' म्हणजे आपली 'घटनादुरुस्ती'. म्हणूनच हिंदीत आपल्या विषयाला 'क्रियात्मक अनुसंधान' म्हणतात. (मराठीत 'अनुसंधान' म्हटलं की मन एखाद्या गोष्टीशी जोडलेलं राहणं आठवतं, तेही या कामाला वाईट नाही.) मराठीत मात्र 'संशोधन' म्हणजे नव्याने शोधून काढणं. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ सालचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर या नावांवरून तो अर्थ तेव्हाच स्थिर झालेला दिसतो.

दोन अर्थ असे दोन भाषांत वाटले गेले. माझं म्हणणं असं, की कृतिसंशोधनात ते पुन्हा एकत्र येतात. आपलीच कृती निवडायची, तिच्यातले दोष पुराव्याने शोधायचे, काढायचे, आणि काढताना जे कळलं ते ज्ञान म्हणून मांडायचं. म्हणून मी षष्ठीच्या बाजूची आहे. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद :

विग्रहांची मांडणी आवडली, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणा चांगली वाजवणारा. आज प्रवीण वक्ता म्हणताना कोणाच्या मनात वीणा येते? 'कुशल'मध्ये कुश नावाचं गवत आहे असं सांगतात, म्हणून कुशल डॉक्टर गवत कापत नाही. मराठी माणसाने 'संशोधन' ऐकलं की त्याला 'रिसर्च'च कळतो. त्यात 'शुद्ध करणं' घुसवलं तर दोन धोके दिसतात. एक, शिक्षकाचं काम मुळातच अशुद्ध आहे असा सूर लागतो. दुसरा धोका मोठा आहे. सुधारणा झाली की संशोधन झालं, असं लोक समजू लागतील. मग उपक्रम आणि कृतिसंशोधन यांत फरक काय उरला?

मूळ लेखिका :

दुसरा धोका मला पूर्ण मान्य आहे आणि तो रोज दिसतो. भिंतीवर तक्ते लावले, मुलांना आनंद झाला, झालं कृतिसंशोधन! उपक्रम चांगला असू शकतो, पण 'उपक्रम' या शब्दाचा जुना अर्थच मुळी 'आरंभ' असा आहे. आरंभानंतर काय झालं हे ज्याने नोंदवलं नाही, त्याचं काम आरंभापाशीच थांबलं.

व्युत्पत्तीबद्दल मात्र थोडी हुज्जत घालते. 'प्रवीण' हा बोलण्यातला शब्द, तो वापरताना वीणा आठवायची गरज नाही. 'कृतिसंशोधन' ही संज्ञा आहे. ती आपण शिकवतो, तिची व्याख्या पाठ करून घेतो. तिथे शब्दाच्या आतला जुना अर्थ विद्यार्थ्याच्या हाती दिला तर त्याला काम समजायला मदत होते. मला झाली, ती कशी ते सांगते.

माझ्या अहवालाचा पहिला विषय होता 'वर्गचर्चेतील विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे'. समस्या म्हणून लिहिलं होतं, 'विद्यार्थी प्रश्नांना प्रतिसाद देत नाहीत.' उपाय म्हणून गटचर्चा, प्रश्नपेटी असं बरंच काही. मार्गदर्शक म्हणाल्या, आधी स्वतःचे दोन तास ध्वनिमुद्रित करून ऐका. ऐकले. प्रश्न विचारल्यावर मी थांबतच नव्हते. लगेच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत, मग सूचक इशारा, मग उत्तर, सगळं माझ्याच आवाजात. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांचं १९७०च्या दशकातलं काम मी वाचलेलं होतं : शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ती उसंत तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. वाचलं होतं, पण ते इतर शिक्षकांबद्दल आहे असं समजून वाचलं होतं.

त्या दिवशी समस्येचं वाक्य खोडून नवं लिहिलं : 'मी प्रश्न विचारल्यावर थांबत नाही.' कर्ता बदलला. आधीच्या वाक्यात दोष मुलांचा होता आणि माझी कृती औषधासारखी बाहेरून येणार होती. आता कृती हीच तपासायची वस्तू झाली. मला तृतीयेतून षष्ठीत आणलं ते त्या ध्वनिफितीने, शब्दकोशाने नव्हे. शब्दकोश नंतर उघडला.

'अशुद्ध'चा सूर लागतो हे खरं. पण सोनं शुद्ध करतात ते सोनं असतं म्हणूनच ना?

प्रतिसाद :

'समस्या' या शब्दाबद्दलही बोला. संस्कृतात समस्या म्हणजे कवीपुढे ठेवलेला श्लोकाचा अपुरा तुकडा. तो पूर्ण करायचा, ती समस्यापूर्ती. म्हणजे समस्या हा दोष नाही, अपुरेपण आहे. शिक्षकांना हे सांगितलं की त्यांचा ताण कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. अहवालांत 'गृहीतक' आणि 'परिकल्पना' यांची सरमिसळ फार होते. जे आपण तपासणार नाही, धरूनच चालतो, ते गृहीतक. जे तपासायचं आहे ती परिकल्पना.

मूळ लेखिका :

समस्यापूर्ती! हे मला सुचलं नव्हतं. तुमचं वाक्य माझ्या पुढच्या वर्गात जाणार.

गृहीतकाबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या बाबतीत तर 'मुलांना बोलायचं नसतं' हे न लिहिलेलं गृहीतक होतं आणि तेच तपासायला हवं होतं.

तुम्ही अहवालाच्या भाषेकडे वळलात म्हणून मनातली एक खटकणारी गोष्ट सांगते. शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक ठरलेलं असतं : 'निष्कर्ष व शिफारशी'. शिफारस नेहमी दुसऱ्याला करतात. माझ्या वर्गातल्या माझ्या कृतीबद्दल मी शिफारस कोणाला करू? 'शिक्षकांनी प्रश्नानंतर थांबावे' असं लिहिताना मी पुन्हा इतर शिक्षकांबद्दल बोलू लागले होते. ते शीर्षक मी 'निष्कर्ष व पुढील कृती' असं केलं आणि लिहिलं, की थांबण्याने फरक पडला तो कारण विचारणाऱ्या प्रश्नांत. व्याख्या विचारणाऱ्या प्रश्नांत थांबून काहीच घडलं नाही, नुसती शांतता लांबली. म्हणून पुढच्या फेरीत थांबण्याआधी प्रश्नच तपासायचे. जिथे उपाय चालला नाही ते लपवायचं नाही, हे कृतिसंशोधनात फार महत्त्वाचं. वळसा पुढे जातो तो तिथूनच.

प्रतिसाद :

'रिफ्लेक्शन'ला, म्हणजे आपल्याच कामाकडे वळून विचार करण्याला, तुम्ही काय म्हणता? एका भाषांतरात 'शिक्षकाने कृतीवर प्रतिबिंब करावे' असं वाचून हताश झालो होतो.

मूळ लेखिका :

'चिंतन' रूढ आहे आणि मी तेच वापरते, पण त्याला डोळे मिटून बसल्याची छटा आहे. व्यावसायिक काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली दोन प्रकार वेगळे केले, काम चालू असतानाचं आणि काम झाल्यानंतरचं. दुसऱ्यासाठी मला 'सिंहावलोकन' फार नेमका वाटतो. सिंह पुढे चालता चालता मान वळवून मागे पाहतो, थांबून बसत नाही. वार्षिक समारंभातल्या भाषणांनी तो शब्द झिजवला, याचं वाईट वाटतं. पहिल्यासाठी एका शब्दाचा हट्ट मी सोडला आहे; 'कृती करता करता विचार' असं सरळ लिहिते.

आता माझाच एक प्रश्न. वर्गात मागे बसून आपलं काम पाहणारा, आपुलकी राखून पण अडचणीचे प्रश्न विचारणारा सहकारी, ज्याला 'क्रिटिकल फ्रेंड' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? 'टीकाकार मित्र' नको, टीका म्हटलं की लोक ढाल उचलतात.

प्रतिसाद :

'चिकित्सक सोबती' म्हणा. चिकित्सा म्हणजे बारकाईने तपासणंही आणि उपचार करणंही. तुमच्या 'संशोधना'सारखाच दोन्हीकडचा शब्द आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून पाठ ठरवले, त्या आवृत्तीलाही 'चिकित्सित' म्हणतात.

मूळ लेखिका :

घेतला. ज्या सहकारी बाईंनी माझ्या वर्गात मागे बसून प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद मोजले, त्यांचा उल्लेख अहवालात मी 'निरीक्षक' असा केला होता. सुधारित प्रतीत तो शब्द बदलते.