मदत हवी आहे: बर्गंडीतले मठ आणि मोर्व्हांचे चढ, सहा दिवस सायकलवर

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की धाकट्या भावाकडे फ्रान्समध्ये लियाँला जाणार आहे. तिथून आम्ही दोघं सहा दिवस रोड सायकलने बर्गंडीत फिरणार. मी वाईची, वय ४९, शाळेत इतिहास शिकवते. पसरणी घाट आठवड्यातून एकदा होतोच, २००ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किमी सायकल चालवायची) दोनदा वेळेत पूर्ण केली आहे. तरी या सहलीच्या दोन-तीन गोष्टींवर माझं अडलंय, म्हणून हा धागा.

हाच भाग का, ते आधी सांगते. व्हेझलेच्या टेकडीवर मेरी मॅग्डालेनचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. आत शिरताना मुख्य दारावर अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे. मधे ख्रिस्त आणि भोवती जगाच्या टोकाला राहणारी माणसं. कुणाचे कान सुपाएवढे, कुणी इतके बुटके की घोड्यावर शिडी लावून चढतायत, आणि काहींना चक्क कुत्र्याची तोंडं. ही श्वानमुखी माणसं भारतातल्या डोंगरांत राहतात असं क्टेसियस नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं होतं. म्हणजे जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या पाथरवटाने आपल्याकडची म्हणून जी माणसं ऐकली होती, ती त्या दगडात आहेत. मुलांना हे चित्र मी दरवर्षी दाखवते. आता त्या दाराखाली मला स्वतः उभं राहायचंय, आणि तिथवर मोटारीने जायचं नाही.

ठरवलेला मार्ग असा. लियाँहून दिजाँमार्गे रेल्वेने मोंबार. तिथून जवळच फोंतनेचा मठ, मुक्काम सम्यूरला. दुसऱ्या दिवशी आव्हालोंवरून व्हेझले, साधारण ५५ किमी. तिसऱ्या दिवशी मोर्व्हां या डोंगराळ भागातल्या जंगलात शिरून पिएर-की-व्हीर, तिथे मठाच्या पाहुणेघरात राहायची इच्छा आहे. चौथ्या दिवशी सेतोंचं तळं, मग ओ-फोलँ (९०१ मीटर, मोर्व्हांतलं सर्वांत उंच ठिकाण) आणि खाली ओतँ. पाचव्या दिवशी क्लुनी, सहाव्या दिवशी माकों आणि रेल्वेने परत.

आता प्रश्न.

पहिला गिअरचा. माझ्या सायकलला पुढे ५२-३६ आणि मागे ११-२८ दात्यांची चक्रं आहेत. पसरणीत ३६-२८वर मी आरामात चढते. आणि मोर्व्हांची उंची बघितली तर पाचगणीच्या पुढे काहीच नाही. पण ॲपवर मार्ग आखला की चौथ्या दिवसाची एकूण चढाई १,४०० मीटरच्या आसपास दिसते, म्हणजे पसरणी जवळजवळ अडीच वेळा! एवढी येते कुठून? सामान सॅडल बॅगेत, चार-पाच किलो. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलू का?

दुसरा खाण्यापिण्याचा. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. जंगलातल्या छोट्या गावांत दिवसा काय मिळेल? पाणी कुठे भरायचं?

तिसरा सायकल नेण्याचा. गेल्या वर्षी विमानाने कोचीला सायकल नेली होती. हॉटेलच्या फरशीवर खोका उघडला तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, आत वळलेला. मागच्या मोठ्या चक्रावर गेलं की केज (डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) स्पोकला घासायचा, चर्र चर्र आवाज यायचा. चारही दिवस मधल्या तीन गिअरवर काढले. विमान कंपनीने हात झटकले. हे पुन्हा व्हायला नको.

घाटमाथा

ताई, मार्ग सुरेख आखलाय. मी चार वर्षांपूर्वी मोर्व्हांत पाच दिवस होतो, म्हणून गिअरवर जरा सविस्तर लिहितो.

आपला घाट एकदा चढला की चढला. पसरणी संपली की पाचगणीचं पठार, पाय मोकळे. मोर्व्हांत पठारच नाही. जुना ग्रॅनाइट, त्यात ओढ्यांनी खोदलेल्या अरुंद घळी. गाव माथ्यावर, पुढचा पूल तळाशी, पुढचं गाव पुन्हा माथ्यावर. दीड-दोन किलोमीटरचा चढ, मधेच १० टक्के, की लगेच उतार. लय लागते न लागते तोच चढ संपतो आणि उतारावर अंग गार पडतं. तुमचे १,४०० मीटर असे तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि दुपारनंतर खरी परीक्षा होते.

मठांमुळे यात भरच पडते. एक जुनं लॅटिन वचन आहे, संत बर्नार्डला दऱ्या आवडत आणि संत बेनेडिक्टला डोंगर. बर्नार्डचे सिस्टर्शियन साधू मुद्दाम गावापासून लांब, जंगलात, वाहत्या पाण्याकाठी मठ बांधत. फोंतने १११८चं, ते असंच ओढ्याकाठी झाडीत दडलंय. ओढा वळवून त्यांनी चाकं फिरवली आणि त्यावर लोखंड ठोकायचे घण चालवले. ती लोहारशाळा अजून उभी आहे, चर्च बघून लगेच निघू नका. व्हेझले मात्र बेनेडिक्टच्या पंथाचं, म्हणून टेकडीच्या माथ्यावर. गावातली शेवटची गल्ली सरळ चर्चच्या दारात जाते आणि ती बऱ्यापैकी उभी आहे.

म्हणून ३६-२८ घेऊन जाऊ नका. पुढे ५०-३४, मागे ११-३४ करा. आता तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा वेळा फिरतं. ३४-३४ला बरोबर एकदा. सामानासकट १० टक्क्यांवर गुडघ्याला हा फरक कळतो. कॅसेट घेण्याआधी मागच्या डिरेलरचा केज बघा. शिमानो १०५ आर७००० असेल तर आखूड केज ३० दात्यांपर्यंतच घेतो, ३४साठी लांब केज लागतो. चेनही लांब लागेल.

ओ-फोलँचा हट्ट धरू नका. वर दाट सूचिपर्णी झाडी आहे, माथ्यावरून फारसं काही दिसत नाही. त्यापेक्षा सेतोंच्या काठावर तासभर बसा. ते धरण मुळात लाकडं वाहून नेण्यासाठी बांधलेलं. पॅरिसच्या चुलींसाठी मोर्व्हांतलं सरपण ओढ्यांत टाकायचे आणि पाणी सोडून खाली वाहत न्यायचे.

टायर २८ मिमीचे घ्या. "ग्राव्हियों" अशी पाटी दिसली की पुढे नुकतीच खडी पसरलेली असते, उतारावर तिथे ब्रेक अलगद लावा. लाकडाचे ट्रकही असतात, जंगलातल्या वळणावर आपली बाजू सोडू नका.

रानपाखरू

मी सहा वर्षं दिजाँला राहते, खाण्यापिण्याचं सांगते.

पाण्यासाठी कबरस्तान गाठायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण फ्रान्समधल्या बहुतेक गावांत कबरस्तानाच्या फाटकाशी फुलझाडांसाठी नळ असतो आणि सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. फक्त पाटी वाचा. "नों पोताब्ल" असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

दुपारचं जेवण १२ ते २. सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही गोड बोला. बेकरी सकाळीच गाठा, बऱ्याच गावांत ती सोमवारी बंद असते, आणि लहान गावांत बेकरीच नसते. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला सुट्टी, शिवाय असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकोस्टचा सोमवार (ख्रिस्ती सण, तारखा दरवर्षी बदलतात, कधी जूनमध्येही जातात). त्या आठवड्यांत मुक्काम आधीच ठरवा.

सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात, त्याला लार्दों म्हणतात. मागवतानाच "सां व्यांद, सां लार्दों" म्हणा. गुजेर मात्र मनसोक्त खा. चीज घालून भाजलेले पोकळ, हलके गोळे, खिशात मावतात. घरून चिक्की आणा. पेढे आणि तुपातलं काही नको, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

रेल्वेचं म्हणाल तर टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्यांत सायकल आहे तशी चढवता येते. टीजीव्ही या वेगवान गाडीत बहुतेक वेळा चाकं काढून पिशवीत भरावी लागते. म्हणून जाता-येता दोन्ही वेळा टीईआरच बघा.

चाकोरी

हँगरबद्दल. खोक्यात भरताना मागचा डिरेलर हँगरवरून सोडवायचा. एकच बोल्ट, ५चा ॲलन की. केबल काढायची गरज नाही. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून चेनस्टेच्या (पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधून टाका. मागच्या चाकाच्या जागी नवीन सायकलीसोबत येतो तो प्लॅस्टिकचा अडसर बसवा, दुकानदार फुकट देतात. मग खोका कुशीवर पडला तरी वाकायला बाहेर काही उरत नाही. शिवाय तुमच्याच फ्रेमचा एक जादा हँगर जवळ ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि मोर्व्हांतल्या गावात तो मिळणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चढाई कुठून येते ते घाटमाथा यांच्यामुळे कळलं. इतके दिवस मी नकाशावर फक्त शिखरं बघत होते, ओढे बघितलेच नव्हते.

काल सायकल उलटी करून केज मोजला. आखूडच निघाला. लांब केज, ११-३४ आणि नवीन चेन सांगून आले. पुढचं ५०-३४ भाऊ लियाँत जुनं मिळतंय का बघतोय. ओ-फोलँ काढून टाकलं. तो वेळ शेवटी क्लुनीला देते. ९१० साली सुरू झालेला मठ, तिथलं तिसरं चर्च १८७ मीटर लांब, रोमचं नवं सेंट पीटर होईपर्यंत जगात सर्वांत मोठं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर खाण असल्यासारखे त्याचे दगड काढून विकले. जेमतेम दहावा भाग उरलाय. तो घाईत बघायचा नाही. क्लुनी ते माकों जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलवाट आहे आणि तिच्यावर ब्वा-क्लेरचा १.६ किमीचा बोगदा आहे. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, मे महिन्यात उघडा असतो. पुढचा दिवा घेतेय.

एकच राहिलं. पिएर-की-व्हीरच्या पाहुणेघराला भावाकडून पत्र लिहून घेतलंय. आपण ख्रिस्ती नाही, फक्त एक रात्र राहायचंय, संध्याकाळच्या प्रार्थनेला मागे बसायला आवडेल, असं सरळ लिहिलंय. तिथे किंवा दुसऱ्या बेनेडिक्टाइन मठात कुणी राहिलं असेल तर दोन गोष्टी सांगा. जेवण मौनात असतं म्हणतात, मग शाकाहाराचं आधी कुणाला आणि कसं सांगायचं? आणि सायकलच्या कपड्यांत प्रार्थनेला गेलेलं चालतं, की वरून घालायला एक साधा सलवार-कुडता सॅडल बॅगेत टाकू?