जुनी सॅटर्न घ्यावी का? (२००२ एसएल१ / २००६ आयन / २००५ व्ह्यू)

ओहायोकर

नमस्कार मंडळी. क्लीव्हलंडला रोजच्या चाळीसेक मैलांच्या ये-जा साठी स्वस्तातली जुनी गाडी बघतोय. परवडणाऱ्या तिन्ही गाड्या नेमक्या सॅटर्न निघाल्या:

– २००२ ची एसएल१, पाच गिअरची मॅन्युअल, १,३८,००० मैल
– २००६ ची आयन सेडान, २.२ लिटर, ऑटोमॅटिक, १,१२,००० मैल
– २००५ ची व्ह्यू, व्ही६, १,४९,००० मैल

कंपनी बंद पडून इतकी वर्षं झाली, पार्ट मिळतात का? कुठल्या गाडीत काय तपासायचं? आणि एवढी गाजलेली कंपनी बंद का पडली, हेही कुणी सांगितलं तर बरं.

टेनेसीचा पाना

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पार्टचं उत्तर त्यातच आहे.

जनरल मोटर्सने जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न काढली ती जपानी छोट्या गाड्यांना तोंड द्यायला. रॉजर स्मिथ तेव्हा जीएमचे अध्यक्ष. टेनेसीत स्प्रिंग हिलला कोरा कारखाना, युनियनशी वेगळा करार, वेगळे डीलर. पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, सगळं स्वतःचं. आत पोलादी सांगाडा, त्यावर दारं आणि फेंडर प्लास्टिकचे (बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण मात्र पत्र्याचं). शोरूममध्ये घासाघीस नाही, पाटीवर लिहिलेली किंमत तीच शेवटची. १९९१ मध्ये १,८३६ गाड्यांत सदोष कूलंट भरलं गेलं, तेव्हा दुरुस्तीच्या फंदात न पडता अख्ख्या गाड्याच बदलून दिल्या. १९९४ मध्ये स्प्रिंग हिलच्या मेळाव्याला देशभरातून हजारो मालक आपापल्या गाड्या घेऊन आले, आणि त्याच वर्षी विक्री २ लाख ८६ हजारांवर गेली. त्या आकड्यापर्यंत ती पुन्हा कधी पोहोचली नाही.

माझ्या मते घात झाला तो नव्या मॉडेलांना वेळेवर पैसा न मिळाल्याने. १९९१ पासून २००२ पर्यंत एस-सिरीज (तुमची एसएल१ त्यातलीच) मुळात त्याच १.९ लिटर इंजिनावर चालली. दुसरी गाडी, एल-सिरीज, यायला २००० चं मॉडेल वर्ष उजाडलं, आणि ती ओपेलच्या (जीएमची तेव्हाची जर्मन कंपनी) व्हेक्ट्रावर बेतलेली, बांधणी डेलावेअरला. तिथून पुढे सॅटर्न म्हणजे जीएमच्या दुसऱ्या गाडीवरचा बिल्ला. स्प्रिंग हिलहून शेवटची सॅटर्न २००७ मध्ये निघाली. जून २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली, पेन्स्की या वाहनविक्री कंपनीने ब्रँड विकत घ्यायचं ठरवलं, पण पुढे गाड्या बनवून द्यायला फ्रेंच कंपनी रेनॉ तयार झाली नाही आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो सौदा फिसकटला. २०१० मध्ये शटर खाली.

गंमत बघा: ज्या उसनवारीने सॅटर्नची ओळख पुसली, त्याच उसनवारीमुळे नंतरच्या गाड्यांचे पार्ट आज मिळतात. आयनचे बरेचसे भाग शेवरले कोबाल्टचे. ऑरा म्हणजे मालिबूची बहीण, आउटलुक म्हणजे जीएमसी अकेडिया, स्काय म्हणजे पॉन्टिॲक सॉल्स्टिस. एसएल१ चं इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र जीएमच्या इतर कुठल्याच गाडीत नाही. सेन्सर, माउंट, ब्रेक, बेअरिंग असला झिजणारा माल भरपूर मिळतो. दारं, फेंडर, काचा, आतलं प्लास्टिक हवं असेल तर भंगार यार्डच गाठायचं.

आता एसएल१ चं बोलू. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

१. डिपस्टिक. या इंजिनाचा सगळ्यात बदनाम दोष म्हणजे तेल पिणं. पिस्टनच्या ऑइल रिंगच्या खाचेतून तेल परत खाली जायला पुरेशी भोकं नाहीत, खाचेत कार्बन साचतो, रिंग चिकटते आणि तेल जळत राहतं. हजार मैलांना एक क्वार्ट ही या गाडीत नवलाची गोष्ट नाही. इंजिनात एकूण तेल फिल्टरसकट चार क्वार्ट, म्हणजे ३.८ लिटर. न बघता तीन हजार मैल चालवली तर उरतं किती? एक क्वार्ट. इंजिन मरतं ते तेल पिण्याने नाही, मालकाने न बघितल्याने.

२. थंड स्टार्ट. टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) आहे, बेल्ट नाही. पहिले दोन-तीन सेकंद खडखड चालेल. त्यापुढे चालू राहिली तर टेन्शनर आणि गाइड गेले समजा, आणि ते बहुधा कमी तेलावर चालवल्यामुळेच. चेन उडी मारली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

३. कूलंटची टाकी. आत कॉफीत दूध घातल्यासारखा थर दिसला तर घेऊ नका. नव्वदीतल्या सिंगल कॅम हेडना (इंजिनाच्या वरच्या भागाला) कॅमशाफ्टच्या बेअरिंगपाशी चीर जाते आणि तेल-पाणी एक होतं. तुमची २००२ ची आहे, तरी झाकण उघडायला दोनच मिनिटं लागतात.

४. कूलंट टेंपरेचर सेन्सर. आधीच्या सेन्सरचं टोक प्लास्टिकचं होतं. ते तडकतं, कूलंट कनेक्टरमध्ये शिरतं, पिना हिरव्या पडतात. मग कंप्युटरला इंजिनाचं तापमान चुकीचं कळतं: सकाळी स्टार्टला त्रास, पेट्रोल जास्त, पंखा वेळेवर लागत नाही. कनेक्टर ओढून बघा. बदलायचा तर पितळी टोकाचा घ्या आणि कनेक्टरही त्याच वेळी बदला. नुसता सेन्सर बदलून गंजलेला कनेक्टर ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच.

५. इंजिनचं वरचं माउंट, पॅसेंजरच्या बाजूचं. एसी लावून न्यूट्रलमध्ये उभी असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर ते फाटलंय. घाबरायचं कारण नाही: तेलाच्या पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने नुसता आधार द्यायचा आणि वरचे नट काढायचे, घरी होण्यासारखं काम आहे. ठोकळा विसरलात तर पॅन चेपेल.

६. गंज. ओहायोत हेच पहिल्या नंबरवर हवं होतं खरं तर. प्लास्टिकची दारं वर्षानुवर्षं चकचकीत राहतात आणि आतला सांगाडा मिठाने खाऊन जातो. गाडी लिफ्टवर घ्या. इंजिनखालचा क्रेडल, दारांखालचे रॉकर, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि ब्रेक लाइन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. रंगावर जाऊ नका.

दारं आणि फेंडरमधल्या फटी मोठ्या दिसतील. अपघाताची गाडी म्हणून नाकारू नका. उन्हात प्लास्टिक फुगतं, म्हणून त्या मुळातच तेवढ्या ठेवलेल्या आहेत.

बेल्ट की चेन

वरच्या प्रतिसादात एसएल१ च्या गिअरबॉक्सचं राहिलं. या मॅन्युअलमध्ये डिफरन्शियलची (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आडवी पिन हा कच्चा दुवा. बर्फात एक चाक जागच्या जागी गरगर फिरत राहिलं की आतले छोटे गिअर त्या पिनवर प्रचंड वेगाने फिरतात, तेल टिकत नाही, गिअर पिनला धरून बसतात, पिन जागची सुटते आणि गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येते. क्लीव्हलंडच्या हिवाळ्यात रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. फावडं काढा.

आयन: पहिलं काम म्हणजे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर रिकॉल (दोष फुकट दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासणं. २०१४ चं जीएमचं कुप्रसिद्ध इग्निशन स्विच प्रकरण हिच्यातही आहे, २००३ ते २००७ च्या सगळ्या आयनमध्ये. स्विचच्या आतली स्प्रिंग कमजोर. जड जुडगा लटकत असला किंवा गाडी खड्ड्यात आदळली की चावी 'रन'वरून 'ॲक्सेसरी'वर सरकते. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नाही. जीएमच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. २००६ मध्ये स्विच बदलला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे नंबर वाचून जुना की नवा हे कळत नाही. रिकॉल झाल्याची नोंद हाच पुरावा. राहिलं असेल तर शेवरले, ब्यूक, जीएमसी, कॅडिलॅकच्या डीलरकडे फुकट होतं. तोपर्यंत रिंगमध्ये एकच चावी ठेवा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचाही वेगळा रिकॉल आहे, तोही बघून घ्या.

दुसरं, आयन कधीकधी स्टार्टच होत नाही आणि डॅशवर सिक्युरिटीचा दिवा लुकलुकतो. टोईंगवाल्याला बोलावण्याआधी हे करा: चावी 'रन'वर ठेवा, इंजिन लागलं नाही तरी चावी तशीच राहू द्या, दहा मिनिटांनी दिवा विझेल. चावी बंद करून पुन्हा स्टार्ट करा. तरी नाही लागली तर हेच एकूण तीनदा, म्हणजे अर्धा तास. बॅटरी चांगली हवी, नाहीतर अर्ध्या तासात तीच बसेल.

आयनच्या २.२ लिटर इकोटेक इंजिनाची चेन सुरुवातीच्या काही वर्षांत अपुऱ्या तेलामुळे तुटायची. २००६ पर्यंत ते सुधारलं होतं. या इंजिनाबद्दल मला फारशी तक्रार नाही.

व्ह्यू: व्ही६ आहे ना, याची पक्की खात्री करा. २००४ ते २००७ च्या व्ह्यूमधलं व्ही६ म्हणजे चक्क होंडाचं ३.५ लिटर, २५० हॉर्सपॉवर, सोबत होंडाचाच ५ गिअरचा ऑटोमॅटिक. सुरुवातीच्या वर्षांतली चार सिलिंडर व्ह्यू व्हीटीआय नावाच्या सीव्हीटीबरोबर (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) येत असे. ती इतकी बंद पडायची की जीएमनेच सोडून दिली. ती कुणी फुकट दिली तरी नको.

होंडा इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, १,०५,००० मैलांना बदलायचा. तुमची १,४९,००० वर आहे, म्हणून बिल मागा. तोंडी 'झालंय हो' चालणार नाही. बिल नसेल तर बेल्ट, वॉटर पंप आणि टेन्शनर एकत्र करायचा खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. गिअरबॉक्समध्ये होंडाचंच डीडब्ल्यू-१ तेल, जीएमचं डेक्सरॉन नाही. गिअरबॉक्सच्या तळाचा प्लग काढला की साधारण तीन लिटरच निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकतं, म्हणून काढा-भरा तीनदा, मध्ये थोडी गाडी फिरवून. बॉनेट उघडून सॅटर्नचा बिल्ला बघणारा मेकॅनिक हमखास डेक्सरॉन ओतायला जातो, तेव्हा आधीच बजावा.

ओहायोकर

दोघांचेही आभार. आयन यादीतून काढली, रिकॉलची नोंद नाही आणि मालक टाळाटाळ करतोय. एसएल१ बघून आलो: क्रेडल ठणठणीत, कनेक्टर कोरडा, चेनचा आवाज नाही, पण डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्याही खाली. इंजिन न उघडता तेल पिणं कमी करता येतं का? २०डब्ल्यू-५० (जाड तेल) टाका असं एकाने सुचवलंय.

दहाचा स्पॅनर

२०डब्ल्यू-५० नको. ओहायोच्या थंडीत सकाळी ते मधासारखं होतं आणि चेनच्या टेन्शनरला तेल उशिरा पोहोचतं. तेल वाचवायला जाल आणि चेन गमवाल. कंपनीने सांगितलेलं ५डब्ल्यू-३०, फार तर हाय-मायलेज लिहिलेलं.

सगळ्यात आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारी वाफ परत जाळायला पाठवणारा) बदला, तो अगदी स्वस्तातला असतो. मग रिंगा भिजवून बघा:

इंजिन गरम करून बंद करा. फ्युएल पंपचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढा, चारही स्पार्क प्लग काढा. क्रँक हाताने फिरवून चारही पिस्टन साधारण मधल्या उंचीवर आणा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५०-६० मिलि कार्बन काढणारं द्रव ओता, रात्रभर ठेवा, मध्ये एक-दोनदा क्रँक थोडासा हलवा. सकाळी उरलेलं द्रव सिरिंजला नळी लावून ओढून काढा. ही पायरी गाळू नका. प्लग बसवून तसंच स्टार्ट केलं तर द्रव दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकांवर फडकी टाकून, लांब उभं राहून पाच-सहा सेकंद स्टार्टरने इंजिन फिरवा. द्रव ज्वालाग्राही असतं, त्यामुळे आसपास ठिणगी नको, गॅरेजचं दार उघडं. मग जुनं तेल आणि फिल्टर टाकून द्या, कारण निम्मं द्रव रिंगांवरून पॅनमध्ये उतरलेलं असतं. स्टार्ट केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पांढऱ्या धुराचा लोट येईल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

प्लग साधे तांब्याचेच, गॅप ०.०४० इंच. महाग प्लॅटिनम या इंजिनाला मानवत नाहीत.

कार्बनमुळे चिकटलेल्या रिंगा यातून सुटतात, झिजलेल्या सुटत नाहीत. दोन वेळा करूनही फरक पडला नाही तर पिस्टन काढून ऑइल रिंगच्या खाचेत जादा भोकं पाडणं हा खरा उपाय, पण एवढ्या स्वस्त गाडीला ती मजुरी परवडत नाही. त्यापेक्षा डिकीत तेलाचा डबा ठेवा.

टेनेसीचा पाना

२०डब्ल्यू-५० बद्दल सहमत. पण उन्हाळ्यात १०डब्ल्यू-४० वर या गाड्या हजारो मैल सुखाने चालतात, त्यात पाप नाही. नोव्हेंबरमध्ये परत ५डब्ल्यू-३०.

तळेगाव टोलनाका

पार्टच्या मुद्द्यावर एक भर. २००८ पासूनची व्ह्यू ही वेगळी गाडी, ओपेल अंताराची बहीण, होंडाचं इंजिन तिच्यात नाही. आपल्याकडे शेवरले कॅप्टिवा म्हणून आली ती याच कुटुंबातली. २००८ ची सॅटर्न ॲस्ट्रा तर थेट बेल्जियमच्या अँटवर्पहून यायची, तिचे आतले भाग शोधायचे तर युरोपातले ओपेल-वॉक्सहॉलचे दुकानदार गाठावे लागतात. भारतात जीएमने २०१७ च्या शेवटी विक्री थांबवल्यावर बीट, क्रूझवाल्यांनी जे केलं तेच इथेही करा: बिल्ल्यावरून नाही, पार्ट नंबरवरून शोधा.

ओहायोकर

एसएल१ घेतोय. तेल किती दिवसांनी बघू?

दहाचा स्पॅनर

दर वेळी पेट्रोल भरताना. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबल्यावर. पहिले हजार मैल किती टाकलं ते वहीत लिहा, मग पुढचा अंदाज येईल.