मदत हवी आहे: एडिसनमध्ये रस्त्याच्या कामासाठी नक्की कोणाला गाठायचं?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या, खासकरून एडिसनच्या जुन्या रहिवाशांकडून सल्ला हवाय.

आमच्या घराजवळून रूट २७ जातो. पलीकडे दुकानं आहेत आणि आई-बाबा रोज संध्याकाळी तिकडे चालत जातात. जवळपास पादचाऱ्यांसाठी सिग्नल नाही, गाड्या सुसाट असतात. ते परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. टाउनशिपच्या ऑफिसात विचारलं, तर हा राज्याचा रस्ता, आमच्या हातात नाही, असं उत्तर मिळालं.

म्हणजे आता राज्याच्या लोकप्रतिनिधींकडे जायला हवं. एडिसन १८ व्या लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टमध्ये येतं. आपल्याकडे मतदारसंघाला एकच आमदार, इथे मात्र प्रत्येक डिस्ट्रिक्टला एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य. असे ४० डिस्ट्रिक्ट आहेत. या तिघांपैकी आधी कोणाकडे जावं? एकच पत्र तिघांना पाठवलं तर चालतं, की प्रत्येकाच्या ऑफिसात वेगळा पाठपुरावा करावा लागतो?

दुसरं, मी ग्रीन कार्डावर आहे, मतदान करू शकत नाही. तरी रहिवासी म्हणून माझं म्हणणं मनावर घेतील ना? की मतदार असलेल्या शेजाऱ्यांच्या सह्या आधी गोळा कराव्यात? सह्यांसाठी दारोदार फिरायची माझी तयारी आहे.

कोणी राज्याच्या परिवहन खात्याकडून असा सिग्नल किंवा क्रॉसिंग करून घेतलं असेल, तर अर्जात काय लिहिलं होतं, तेही कृपया सांगा.